उशिराचं कारण

किताझावाला, शेवटच्या थांब्यावर,
मला अकरा मिनिटं मिळतात.
त्यातली दोन गाडी वळवण्यात जातात,
एक हातमोजे शोधण्यात,
उरलेली आठ कुराशिनाच्या टपरीची.

तो मान वर करत नाही.
बिडाच्या तव्यावर वाटीएवढे खळगे, तीन रांगा.
किटलीतून पीठ ओततो, धार मोडत नाही.
वर सारण: पहाटे चारला शिजायला घातलेली अझुकी,
साखर, आणि मीठ इतकं कमी
की विचारलं तर नाहीच म्हणेल.
मग टोच्याने एक अर्धुक उचलून
दुसऱ्यावर पालथं.
टक्.
लागलं लग्न.

मी एक उभ्यानेच खातो, गॅसच्या टाकीआड,
कारण गणवेशात खाताना कुणी पाहिलं
की डेपोत चिठ्ठी जाते.
आधी कड, करकरीत, करपता करपता राहिलेली,
मग मऊ,
मग एकदम तो काळा चटका. टाळूला. दर वेळी.
सतरा वर्षं घाटात गाडी चालवतोय,
वळण यायच्या आधी मला वळण कळतं.
हे एक कळत नाही.

दुसरं घेतो ते कोटाच्या खिशात,
परतीच्या फेरीत बरगडीला शेक.
आणि तिथेच घोटाळा होतो.

हानझावाबाई पहिल्या सीटवर बसतात,
चारला गुडघ्याच्या डॉक्टरांकडून सुटून.
नाक वर करून आरशातल्या मला विचारतात,
"आज काळं की पांढरं?"
"काळं."
"हं."
एवढं लांब हं, की बोगदा संपतो.
पांढरं, घेवड्याच्या सारणाचं, चारच्या आतच संपतं.
आमची गाडी चार दहाची.
म्हणजे या गाडीतल्या कुणी
पांढरं कधी खाल्लेलंच नाही.

नावावरही एकमत नाही.
पाटीवर इमागावायाकी.
हानझावाबाई ओबानयाकी म्हणतात.
ओसाकाकडून बदलून आलेला पोस्टातला मोरिवाकी
काइतेनयाकी म्हणतो आणि हटत नाही.
गोल आहे, गरम आहे,
यावर मात्र सगळे गप्प.

जानेवारीतल्या एका बुधवारी घाट बंद झाला.
बर्फ काढणारं यंत्र येईपर्यंत थांबा, रेडिओ म्हणाला.
इंजिन चालू. आम्ही नऊ जण.
बाहेर काहीच नाही,
फक्त कुराशिनाचा दिवा.
थोड्या वेळाने तो दिवा चालत आला.
टोपीवर बर्फ, हातात दोन कागदी पिशव्या:
"गिऱ्हाईकच नाही आज. पांढरं उरलंय."

मी नियम सांगणार होतो.
तेवढ्यात गाडीनेच सांगितला,
त्या टेपवरच्या बाईच्या आर्जवी आवाजात:
कृपया वाहनात खाऊ नये.
मोरिवाकी असा हसला की सारण हनुवटीवर आलं.
शाळेचा पोरगा उघड्या तोंडाने हा हू हा हू,
तोंडातल्या तोंडात फुंकर घालत.
काचा आतून पांढऱ्या झाल्या, बाहेरून होत्याच.

हानझावाबाईंनी दोन्ही हातांनी मोडलं,
वाफ जाऊ दिली, वास घेतला.
एक छोटा घास. मग आणखी एक.
गाडी त्यांच्याकडे बघतेय,
कुराशिनासुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून.
"काळंच बरं," म्हणाल्या,
आणि उरलेलं सगळं खाल्लं,
कागदाला चिकटलेलं
नखाने खरवडून.

अहवालात मी लिहिलं:
उशीर बावन्न मिनिटं, कारण बर्फ.

सकाळी झाडणारा ओनुमा पहिल्या सीटखालचा चुरा
केरसुणीने दाखवत माझ्याकडे बघत राहिला.
तपकिरी, थोडा चिकट.
बर्फच, म्हटलं.